पाऊल व घोटा यांचे सामान्य विकार : भार आणि वेदना यांच्या अनुरोधाने

मानवी शरीरात पावलाइतका राबणारा आणि पावलाइतका दुर्लक्षित अवयव क्वचितच आढळेल. जोवर ते दुखत नाही तोवर त्याची आठवण होत नाही, आणि दुखू लागले म्हणजे ते दुखणे कसेही करून थांबावे एवढीच अपेक्षा असते. या वृत्तीच्या मुळाशी दोन समजुती आहेत. पहिली अशी की, वेदना हाच विकार होय, आणि दुसरी अशी की, जे दुखत नाही ते निरोगी असते. पावलाच्या बाबतीत या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत, आणि दुसरी तर घातक ठरू शकते. पावलाच्या सामान्य विकारांचा भार व वेदना या दोन कल्पनांच्या साहाय्याने विचार केला, तर वरवर भिन्न दिसणारे हे विकार व त्यांचे उपचार एका सूत्रात कसे येतात हे दाखविण्याचा येथे उद्देश आहे.

१. पावलाची रचना व भाराची वाटणी

प्रौढ मनुष्याच्या शरीरात २०६ हाडे असतात. त्यांपैकी ५२, म्हणजे जवळजवळ चतुर्थांश हाडे, दोन पावलांत आहेत. प्रत्येक पावलात मागील भागात ७, मधल्या भागात ५ लांब हाडे आणि बोटांत १४ अशी २६ हाडे असून ती अस्थिबंधांनी एकमेकांस जखडलेली व स्नायूंच्या कंडरांनी तोललेली असतात. या रचनेतून तळव्याला कमानी प्राप्त होतात. ओल्या पावलाचा ठसा फरशीवर उमटतो तेव्हा आतील बाजूस जो कोरा भाग राहतो, तो या कमानीचाच पुरावा होय.

पावलाला परस्परविरोधी अशी दोन कामे करावी लागतात. जमिनीवर टेकताना ते लवचिक असले पाहिजे. तसे नसेल तर उंचसखल जागेशी त्याला जुळवून घेता येणार नाही. शरीर पुढे ढकलताना मात्र त्याने ताठ तरफेप्रमाणे वागले पाहिजे. एकच अवयव क्षणार्धात लवचिकपणा सोडून ताठ कसा होतो, याचा उलगडा जे. एच. हिक्स या संशोधकाने १९५४ साली केला. तळव्याच्या त्वचेखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत एक बळकट तंतुपट ताणलेला असतो. टाच उचलताना बोटे वरच्या दिशेने वाकतात, आणि विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा त्याप्रमाणे हा पट बोटांच्या मुळांशी असलेल्या हाडांच्या गोल टोकांभोवती ओढला जातो. परिणामी टाच व बोटांची मुळे एकमेकांजवळ येतात, कमान उंचावते आणि पाऊल घट्ट होते. उभे राहिलेल्या माणसाचा पायाचा अंगठा दुसऱ्याने हाताने वर उचलला, तर त्याची कमान उंच होताना डोळ्यांना दिसते.

चालताना प्रत्येक पावलावर शरीराच्या वजनाहून काहीसा अधिक, तर धावताना दुपटीहून अधिक भार येतो. टाचेखालील मेदाची गादी, तळव्याची जाड त्वचा, कमानी व स्नायू मिळून हा भार वाटून घेतात. ही वाटणी बिघडली, म्हणजे भार फार मोठा झाला, फार वेळा पडला किंवा फार लहान जागेवर पडला, की तेथील ऊतकांस इजा होऊ लागते. वेदना हे त्या इजेचे निवेदन होय. ती जाणवताच मनुष्य नकळत आपली चाल बदलतो आणि दुखऱ्या भागावरील भार दुसरीकडे नेतो. लंगडणे हा अशा रीतीने शरीराने स्वतःच योजलेला पहिला उपचार ठरतो.

२. घोटा मुरगळणे

अकस्मात आलेल्या भाराचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे घोटा मुरगळणे. नडगीचे हाड व तिच्या शेजारील बारीक हाड यांची खालची टोके मिळून एक खोबण तयार होते आणि तिच्यात पावलाचे टॅलस हे हाड बसते. टॅलसचा वरचा पृष्ठभाग पुढे रुंद व मागे अरुंद असतो. पाऊल वर वळलेले असताना रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. बोटे खाली झुकली म्हणजे अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. उतारावर, पायरी चुकल्यावर किंवा उंच टाचेच्या पादत्राणात घोटा आतल्या बाजूस वळतो तो याच कारणाने. अशा वेळी बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, त्यांतही सर्वांत पुढचा, ताणला वा फाटला जातो.

अशा प्रसंगी पाय जोराने ओढून ‘बसविण्याची’ किंवा चोळण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. आंबेहळदीचा लेप निरुपद्रवी असला, तरी ओढणे व जोराने चोळणे तसे नाही. फाटलेल्या तंतूंना त्यामुळे अधिक इजा पोहोचते, आणि हाड मोडले असल्यास ते जागचे हलण्याचा संभव असतो. म्हणून पहिला प्रश्न असा की, हाड मोडले आहे काय? कॅनडातील ओटावा येथील वैद्यकांनी १९९२ साली प्रौढांसाठी याविषयीचा एक सोपा नियम मांडला. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचे टोक किंवा खालच्या ६ सेंटिमीटरांतील त्यांची मागची कड दाबल्यावर दुखत असेल, अथवा इजेनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही रुग्णाला चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण छायाचित्र घ्यावे. पावलाच्या मध्यभागी दुखत असल्यास करंगळीच्या रेषेतील लांब हाडाचे मूळ आणि कमानीच्या माथ्यावरील हाड याच रीतीने तपासावे. यांपैकी काहीही नसल्यास हाड मोडले असण्याची शक्यता अत्यल्प राहते. पुढील विवेचनाच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हा सर्व नियम वेदनेवर आधारलेला असल्यामुळे ज्याच्या पावलाची संवेदना गेली आहे, त्याला तो लावता येत नाही.

हाड शाबूत असल्यास पहिले काही दिवस पाय उंच ठेवणे, पट्टीने आधार देणे व वेदनाशमनासाठी थंड शेक देणे पुरेसे होते. तथापि दीर्घकाळ पूर्ण विश्रांती घेणे हितावह नाही. सोसवेल तितका भार लवकर देऊ लागल्यास तंतू योग्य दिशेने सांधले जातात. यापुढील पायरीकडे बहुधा दुर्लक्ष होते. इंग्लंडमधील फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली असे दाखविले की, अस्थिबंध केवळ दोरीसारखे नसून सांध्याची स्थिती मेंदूला कळविणारे ज्ञानतंतूही त्यांत असतात. ते दुखावल्यामुळे सूज ओसरल्यावरही घोटा वारंवार मुरगळत राहतो. यावरील उपाय बिनखर्चाचा आहे. दररोज काही मिनिटे एका पायावर तोल सांभाळीत उभे राहण्याचा सराव केल्यास हे हरवलेले भान बऱ्याच अंशी परत मिळते.

३. टाचदुखी

मुरगळण्यात भार एकदाच व मोठ्या प्रमाणात येतो. टाचदुखीत तो थोडा थोडा, परंतु सहस्रावधी वेळा येतो. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेले पहिले पाऊल असह्य व्हावे, काही पावलांनंतर दुखणे कमी व्हावे, आणि दिवसाच्या अखेरीस ते पुन्हा वाढावे, हा या विकाराचा नेहमीचा क्रम होय. वर वर्णिलेल्या तंतुपटाच्या टाचेकडील मुळाशी होणारी झीज हे त्याचे कारण आहे. कठीण फरशीवर तासन्‌तास अनवाणी उभ्या राहणाऱ्या गृहिणी, यंत्रापुढे उभे असणारे कामगार, पोलिस, शिक्षक, तसेच ज्यांचे वजन अलीकडे वाढले आहे अशा व्यक्ती यांच्यात तो विशेष आढळतो.

क्ष-किरण छायाचित्रात टाचेच्या हाडाला काट्यासारखा उंचवटा दिसला म्हणजे रुग्ण घाबरतो आणि ‘हाड वाढले’ असे समजतो. वास्तविक टाच कधीही न दुखलेल्या अनेकांत असा उंचवटा आढळतो, आणि टाच दुखणाऱ्या अनेकांत तो नसतो. त्यामुळे केवळ तो काढून टाकण्यासाठी शस्त्रक्रिया करण्याचे प्रयोजन नसते.

उपचाराचे तत्त्व भार कमी करणे व तंतुपटाला हळूहळू बळकटी आणणे हे आहे. घरातही मऊ तळाची चप्पल वापरावी आणि उभे राहण्याच्या वेळेत खंड पाडावा. पोटरीचे स्नायू आखडलेले असल्यास ते ताणण्याचा व्यायाम करावा. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात खुद्द तंतुपट ताणण्याचा व्यायाम पोटरी ताणण्यापेक्षा अधिक गुणकारी ठरला. त्याची रीत अशी : बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, हाताने बोटे नडगीकडे ओढावीत, दहापर्यंत अंक मोजावेत आणि असे दहा वेळा करावे. सकाळचे पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच हा व्यायाम झाला पाहिजे. बहुसंख्य रुग्ण वर्षाच्या आत शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्याने काही आठवडे आराम पडतो. परंतु ते वारंवार दिल्यास तंतुपट तुटण्याचा व टाचेखालील मेदाची गादी झिजण्याचा धोका असतो.

४. सपाट तळवा आणि पादत्राणे

मुलाचा तळवा सपाट दिसतो म्हणून चिंतित झालेले पालक वैद्यांकडे नेहमी येतात. चालू लागलेल्या बहुतेक सर्व बालकांचे तळवे सपाटच असतात, आणि कमान वयाच्या पहिल्या दशकात हळूहळू प्रकट होते. मूल चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल व पाय दुखत नसेल, तर उपचाराची गरज नसते. विशेष प्रकारच्या बुटांनी कमान घडविता येते ही समजूतही टिकलेली नाही. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या, तीन वर्षे चाललेल्या एका अभ्यासात असे बूट घातलेली व न घातलेली मुले यांच्यात फरक आढळला नाही.

या संदर्भात मणिपाळ येथील राव व जोसेफ यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली पाहणी उल्लेखनीय आहे. ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे त्यांनी तपासले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८·६ टक्के, तर अनवाणी फिरणाऱ्या मुलांत ते २·८ टक्के आढळले; बंद बूट वापरणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. पावलाला मोकळेपणी काम करू देणे हेच कमानीच्या वाढीस पोषक असावे, असे यावरून दिसते.

प्रौढपणी एकाच पावलाची कमान नव्याने खचू लागली, तर मात्र ती गोष्ट वेगळी समजावी. घोट्याच्या आतील बाजूने जाणारी, कमानीला आधार देणारी कंडरा झिजल्याचे ते लक्षण असू शकते. अशा मनुष्याला त्या एकाच पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. वेळीच आधार व व्यायाम मिळाल्यास पुढील विकृती पुष्कळदा टळते.

अनवाणी चालण्याचे गुण पाहताना त्याचे मोलही पाहिले पाहिजे. १८४२ साली मदुरा येथील दवाखान्यातील गिल यांनी एका विचित्र पादरोगाची नोंद केली, आणि त्यावरून त्याला ‘मदुरा पाऊल’ हे नाव पडले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी या रोगाचा सखोल अभ्यास करून १८७४ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रे यांच्या सुप्रसिद्ध शारीरशास्त्रीय ग्रंथाच्या १८५८ मधील पहिल्या आवृत्तीतील आकृत्या काढणारे ते हेच कार्टर होत. शेतात अनवाणी काम करताना काटा रुततो, त्याबरोबर मातीतील बुरशी किंवा जंतू आत शिरतात, पाऊल हळूहळू सुजते, त्यावर छिद्रे पडतात आणि त्यांतून स्रावासह कण बाहेर येतात. कारण जंतू असेल तर प्रतिजैविकांनी रोग बराच आटोक्यात येतो. बुरशी असेल तर दीर्घकाळ औषधे व पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली या रोगाचा उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत समावेश केला. त्याचे एक लक्षण येथे विशेष महत्त्वाचे आहे : तो बहुधा दुखत नाही. म्हणूनच रुग्ण वर्षानुवर्षे काम करीत राहतो आणि उशिरा वैद्याकडे जातो.

५. त्वचेचे विकार

जेथे दाब वारंवार पडतो तेथे त्वचा जाड होऊन घट्टा तयार होतो. तोच दाब लहानशा बिंदूवर एकवटला तर मध्ये कठीण गाभा असलेले कुरूप बनते व ते खड्यासारखे टोचते. कुरूप पात्याने कापले तरी ते पुन्हा येते, कारण दाब कायम असतो. घट्ट किंवा अरुंद पादत्राण बदलणे, मऊ गादी घालणे व पाय भिजवून जाड त्वचा हलकेच घासणे हा खरा उपाय होय.

तळव्याच्या त्वचेत तैलग्रंथी मुळीच नसतात. त्यामुळे ती कोरडी पडते आणि टाचेच्या कडेला भाराखाली फाटून भेगा पडतात. कोकणात व गोव्यात भेगांवर मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, लावण्याचा प्रघात आहे. पाय भिजवून त्यावर स्निग्ध पदार्थाचा थर देणे, म्हणजे पाण्याचा अंश त्वचेत कोंडून ठेवणे, हे तत्त्व शास्त्रालाही मान्य आहे.

याच्या उलट पावसाळ्यात भातलावणी करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत सततच्या ओलाव्याने चिखल्या होतात. त्यांत पुष्कळदा बुरशीचा संसर्ग असतो. काम संपताच पाय धुऊन बेचके कोरडे करणे व बुरशीनाशक मलम लावणे यांनी त्या बऱ्या होतात. त्यांची उपेक्षा होऊ नये, कारण फाटलेल्या त्वचेतून जंतूंचा प्रवेश होऊन संपूर्ण पाय सुजण्याचा संभव असतो.

६. न दुखणारे पाऊल

येथवर वर्णिलेल्या बहुतेक विकारांत वेदना रुग्णाला सावध करते. ही सूचनाच बंद पडली तर काय होते, हे कुष्ठरोगाच्या अभ्यासातून प्रथम स्पष्टपणे कळले. पॉल ब्रँड हे १९४६ साली वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोग्यांच्या तळव्यांवरील जखमा सडक्या मांसामुळे होतात व त्या बऱ्या होत नाहीत, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, पाऊल प्लास्टरमध्ये सुरक्षित ठेवले तर याच जखमा इतरांच्या जखमांप्रमाणे भरून येतात. दोष मांसाचा नव्हता. ज्ञानतंतू निकामी झाल्यामुळे रुग्ण जखमेवर चालत राहत होता. निरोगी मनुष्य लांब चालताना नकळत भार बदलीत असतो. बधिर पाऊल तोच भार त्याच जागी अखेरपर्यंत देत राहते. यातूनच मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या तळाच्या चपला प्रचारात आल्या. १९६६ नंतर ब्रँड यांनी अमेरिकेतील कारव्हिल येथे केलेल्या कार्यामुळे हेच तत्त्व मधुमेहाच्या उपचारात रुजले.

मधुमेहात अनेक वर्षांनंतर ज्ञानतंतू क्षीण होतात, पुष्कळदा रक्तपुरवठाही घटतो आणि संसर्ग लवकर पसरतो. बधिर तळव्यावरील घट्टा खड्याप्रमाणे आतील ऊतकांवर दाब देतो आणि त्याच्याखाली जखम तयार होते. वरून काहीच दिसत नाही. चपलेत शिरलेला खडा, उन्हाने तापलेली देवळाची फरशी, पाय शेकण्यासाठी घेतलेले कढत पाणी यांतून जखमा होतात व त्या जाणवत नाहीत. पंढरीच्या वाटेवर अनवाणी चालणाऱ्या वारकऱ्याला पायाला आलेला फोड दुखतो म्हणून कळतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या वारकऱ्याला तो रक्त दिसेपर्यंत कळत नाही. अशा किरकोळ जखमेचाच शेवट पाय कापण्यात होऊ शकतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे शार्को यांनी १८६८ साली अन्य एका मज्जारोगात वर्णिलेला आणि जॉर्डन यांनी १९३६ साली मधुमेहाशी जोडलेला सांध्यांचा नाश. पाऊल अकस्मात सुजते, लाल व गरम होते, पण त्या मानाने दुखत नाही. रुग्णाला पाय मुरगळल्यासारखे वाटते व तो चालत राहतो; आतील हाडे मोडत जाऊन काही आठवड्यांत कमान कोसळते. म्हणून बधिर पाऊल गरम व सुजलेले आढळल्यास भार तत्काळ थांबवून वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे आहे.

तळव्यावरील जखमेत रक्तपुरवठा पुरेसा असेल व संसर्ग आटोक्यात असेल, तर गुडघ्यापर्यंतचे, पावलाला सर्वत्र चिकटून बसणारे व रुग्णाला स्वतः काढता न येणारे प्लास्टर किंवा तत्सम साधन हा पहिल्या पसंतीचा उपचार मानला जातो. न काढता येण्याचा आग्रह अकारण नाही. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, काढता येण्याजोगे साधन दिलेल्या रुग्णांची दिवसभरातील केवळ २८ टक्के हालचाल ते साधन पायात असताना झाल्याचे आढळले. यात रुग्णाच्या बेपर्वाईपेक्षा वेदनेच्या अभावाचा भाग मोठा आहे. जे दुखत नाही त्याची आठवण राहत नाही. ज्याचे हातावर पोट आहे त्याला ‘महिनाभर चालू नका’ हा सल्ला पाळणे अशक्यप्राय असते. प्लास्टरमुळे मर्यादित चालणे शक्य होते व जखमेवरील भारही वाटला जातो, हे त्याचे दुसरे मोल होय.

संवेदना आहे की नाही हे पाहण्यासाठी दवाखान्यात १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू वापरतात. इंग्लंडमधील इप्सविच येथून २०११ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी घरीही करता येते. रुग्णाने डोळे मिटावेत. दुसऱ्याने त्याच्या दोन्ही पावलांचे अंगठे, मधली बोटे व करंगळ्या यांच्या टोकांना बोटाने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, चोळू नये. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पाऊल धोक्यात आहे असे समजावे. अशा व्यक्तीने घरातही अनवाणी चालू नये, चप्पल घालण्यापूर्वी ती आतून हाताने चाचपावी आणि दररोज तळवा आरशात पाहावा किंवा घरातील कोणाकडून पाहून घ्यावा. वेदनेने करावयाचे काम आता डोळ्यांनी केले पाहिजे.

७. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. घोटा मुरगळणे, टाचदुखी, कुरूप व तळव्यावरील जखम हे निरनिराळे विकार असले, तरी त्या सर्वांत ऊतकांना न पेलणारा भार हे समान कारण आहे, आणि तो भार कमी करणे, वाटणे व सोसण्याची शक्ती क्रमाक्रमाने वाढविणे हा समान उपचार आहे. लेप, गोळ्या व इंजेक्शने यांचे स्थान त्यानंतरचे. ज्याचे पाऊल दुखते त्याला निसर्गाने एक रक्षक दिलेला असतो. त्याचे म्हणणे ऐकले तर बहुतेक दुखणी शस्त्रक्रियेवाचून बरी होतात. ज्याच्या पावलाचा हा रक्षक गेला आहे, त्याला स्वतःच्या किंवा घरच्या माणसांच्या डोळ्यांवर विसंबावे लागते. दिवसाकाठी दोन मिनिटे तळवा पाहण्याची सवय ही क्षुल्लक वाटली, तरी अनेक घरांत पाय राहणार की जाणार, हे तिच्यावरच ठरते.